महागाई चढत असताना पैसा कुठे ठेवायचा? पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्यांसाठी

महागाई वाढू लागली की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो: "आता कशात टाकू?" कोणी सोनं सुचवतं, कोणी जमीन, कोणी शेअर्स. मीही सुरुवातीला हाच प्रश्न विचारायचो आणि त्याची किंमत मोजली. २०२१ मध्ये मी दीडेक वर्षात लागणारे पैसे दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या (म्हणजे सरकारला ठरलेल्या व्याजाने दिलेल्या कर्जाच्या) फंडात ठेवले. सरकारी रोखे म्हणजे सुरक्षित, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या वर्षी जगभर व्याजदर चढले, फंडाची किंमत घसरली आणि पैसे हवे होते नेमके तेव्हा मुद्दलात तूट सोसून बाहेर पडावं लागलं. रोखे बुडाले नव्हते, व्याजही वेळेवर मिळत होतं. माझी गरज दीड वर्षाची होती आणि रोखे पंधरा-वीस वर्षांचे होते, एवढीच चूक होती.

तेव्हापासून मी "काय वाढेल?" हा प्रश्न शेवटी विचारतो. आधी विचारतो, "हे पैसे मला कधी लागणार आहेत?" खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवती आहेत. नियम, कर आणि योजनांची नावं देशागणिक बदलतील, पण हिशोब सगळीकडे सारखाच आहे.

पायरी १: परताव्यातून महागाई वजा करा

ठेवीवर ७ टक्के व्याज मिळतंय असं समजा. त्या व्याजावर २० टक्के कर लागला तर हातात ५.६ टक्के उरतात. महागाई ६ टक्के आहे. वर्षापूर्वी १०० ठेवले होते, आज १०५.६० मिळाले. पण वर्षापूर्वी १०० ला येणारं सामान आज १०६ ला येतं. पासबुकात वाढ दिसते, पण खरेदीची ताकद थोडी कमी झालेली असते. महागाई आणि कर वजा जाता जे उरतं तो खरा परतावा. इथे तो शून्याच्या किंचित खाली आहे.

इथे एक बारकावा नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. कर व्याजाच्या पूर्ण आकड्यावर लागतो. त्यातला किती भाग नुसती महागाई भरून काढण्यात गेला, हे करखातं बघत नाही. म्हणून महागाई आणि व्याजदर दोन्ही सारखेच वाढले तरी तुमचा खरा परतावा घटतो. २ टक्के महागाईत ३ टक्के व्याज आणि ८ टक्के महागाईत ९ टक्के व्याज कागदावर सारखंच दिसतं. २० टक्के कर लावून बघा. पहिल्यात २.४ टक्के हातात येतात, म्हणजे महागाईला पुरून थोडं उरतं. दुसऱ्यात ७.२ येतात, म्हणजे जवळपास एक टक्का तोटा.

तोंडी हिशोबासाठी ७२ चा नियम लक्षात ठेवा. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की भाव दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ६ टक्क्यांना बारा वर्षं, ९ टक्क्यांना आठ. घरात पडून असलेली रोकड तेवढ्या वर्षांत निम्म्या किमतीची होते.

पायरी २: तुमची स्वतःची महागाई मोजा

सरकार जाहीर करतं तो दर सरासरी कुटुंबाचा असतो. तुमचा खर्च त्या सरासरीसारखा असेलच असं नाही. मागच्या वर्षातले आणि या वर्षातले तेच तीन महिने घ्या, बँकेचा उतारा काढा आणि खर्चाचे पाच-सहा गट पाडा.

एक उदाहरण मांडतो. एकूण खर्चात घरभाडं ३० टक्के आहे आणि ते १० टक्क्यांनी वाढलं. किराणा २५ टक्के, वाढ ८. शिक्षण आणि औषधपाणी २० टक्के, वाढ ९. प्रवास १५ टक्के, वाढ ४. बाकी किरकोळ १० टक्के, वाढ २. प्रत्येक गटाचा वाटा आणि वाढ यांचा गुणाकार करून बेरीज करा: ३ + २ + १.८ + ०.६ + ०.२, म्हणजे ७.६ टक्के. बातम्यांत ६ टक्के ऐकू येत असतील, पण या घराला ७.६ पुरवायचे आहेत.

या तक्त्याचा आणखी एक उपयोग होतो. सगळ्यात जास्त ओढ कुठे आहे ते दिसतं. भाड्याचं वजन मोठं असेल तर जास्त मुदतीचा भाडेकरार करून दर बांधून घेणं ही कुठल्याही फंडापेक्षा सरस गुंतवणूक ठरू शकते.

पायरी ३: आधी कर्ज, आणि गाठीला रोकड

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा महागडं वैयक्तिक कर्ज असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ते फेडा. २४ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे करमुक्त, खात्रीचा २४ टक्के परतावा. असं देणारी दुसरी जागा नाही.

इतर कर्जांचे दोन प्रकार वेगळे काढा. बदलत्या व्याजाचं कर्ज महागाईत तुमच्या अंगावर येतं, कारण मध्यवर्ती बँक दर वाढवते तसा हप्ता किंवा मुदत वाढते. ते जमेल तितकं कमी करा. कमी आणि कायम दराने बांधलेलं घरकर्ज मात्र महागाईत तुमच्या बाजूचं असतं. हप्ता तोच राहतो, पगार हळूहळू वाढतो आणि हप्त्याचं ओझं दरवर्षी हलकं होत जातं. ते मुदतीआधी फेडायची घाई करू नका.

मग आणीबाणीची रोकड. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, उत्पन्न अनियमित असेल तर नऊ महिन्यांचा. हा आकडा दरवर्षी पायरी २ च्या दराने वाढवा. तीन वर्षांपूर्वीच्या खर्चावर बेतलेली सहा महिन्यांची तरतूद आज पाचच महिने पुरते, हे बऱ्याच जणांना अडचण आल्यावरच कळतं.

पायरी ४: पैशाला तारखा लावा

उरलेल्या बचतीतल्या प्रत्येक भागासमोर वर्ष लिहा. मुलीची प्रवेश फी तीन वर्षांनी, घराची पहिली रक्कम पाच वर्षांनी, निवृत्ती वीस वर्षांनी. रक्कम आजच्या भावाने लिहू नका, तेव्हाच्या भावाने लिहा. आज १०० लागणारा खर्च ७ टक्क्यांनी वाढत गेला तर दहा वर्षांनी त्याला जवळपास १९७ लागतील.

यातून तीन कप्पे तयार होतात: दोन वर्षांच्या आत लागणारं, दोन ते सात वर्षांत लागणारं आणि त्यानंतरचं. पहिल्या कप्प्यात महागाईला हरवायचा हट्ट धरू नका. तिथे पैसे जागेवर असणं महत्त्वाचं, एक-दोन टक्क्यांची झीज सोसावी. तिसऱ्या कप्प्यात उलट आहे. तिथे किंमत वर-खाली होण्यापेक्षा महागाईची संथ झीज जास्त घातक ठरते. माणसं हे नेमकं उलटं करताना मी पाहिलंय. वर्षभरात लागणारे पैसे घाबरून सोन्यात जातात आणि वीस वर्षांनी लागणारे बचत खात्यात पडून राहतात.

पायरी ५: कोणती मालमत्ता महागाईत कशी वागते

इथे जरा थांबायला हवं, कारण जवळपास सगळे गैरसमज इथेच आहेत.

महागाई दोन धक्के देते आणि ते वेगवेगळ्या वेळी येतात. पहिला धक्का भाववाढीचा, तो रोकड आणि ठरलेल्या व्याजाच्या ठेवी पोखरतो. दुसरा धक्का मध्यवर्ती बँकेच्या उपायाचा, म्हणजे व्याजदरवाढीचा. तो लांब मुदतीचे रोखे, महागडे शेअर्स आणि कर्जावर चालणारी मालमत्ता यांना बसतो. अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये शून्यालगत असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेण्यात आला. २०२२ या एका वर्षात तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे १९ टक्के घसरला आणि रोख्यांचा व्यापक निर्देशांक सुमारे १३ टक्के. शेअर पडले की रोखे सावरतात या भरवशावर बसलेल्यांना दोन्हीकडून मार बसला. म्हणून प्रत्येक मालमत्तेला दोन प्रश्न विचारा: भाव वाढले तर तुझं काय होतं? आणि व्याजदर वाढले तर तुझं काय होतं?

*ठेवी आणि अल्पमुदतीची साधनं.* यांची झीज होते, पण यांना एक फायदा आहे: मुदत लवकर संपते आणि पैसे नव्या, वाढलेल्या दराने पुन्हा ठेवता येतात. दर चढत असताना सगळी रक्कम पाच वर्षांसाठी एकदम अडकवू नका. चार भाग करा आणि तीन, सहा, नऊ, बारा महिन्यांच्या ठेवी करा. दर तीन महिन्यांनी एक ठेव मोकळी होते, ती पुन्हा बारा महिन्यांसाठी ठेवा. दर चढले तर तुम्ही त्यांच्यासोबत चढता आणि गरज पडली तर पैसेही फार लांब नसतात.

*रोखे.* मला इथेच चटका बसला, म्हणून गणित सविस्तर सांगतो. ३ टक्के व्याज देणारा दहा वर्षांचा रोखा तुम्ही १०० ला घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारातला दर ६ टक्के झाला असं समजा. आता नवा रोखा ६ देतोय, तर तुमचा ३ देणारा कोणी १०० ला कशाला घेईल? पुढच्या दहा वर्षांत मिळणारे ३-३ आणि शेवटचे १०० आजच्या ६ टक्के दराने मोजले की किंमत सुमारे ७८ येते. एका दिवसात २२ गेले. हाच रोखा एका वर्षाचा असता तर किंमत सुमारे ९७ राहिली असती. मुदत जितकी लांब, तितका व्याजदराचा फटका मोठा.

हे मोजायला फंडाच्या माहितीपत्रकात ड्युरेशन नावाचा आकडा दिलेला असतो. ड्युरेशन ७ वर्षं असेल तर व्याजदर १ टक्क्याने वाढल्यावर फंडाची किंमत साधारण ७ टक्के घसरेल. फंडाच्या नावापेक्षा, मागच्या वर्षाच्या परताव्यापेक्षा हा आकडा आधी बघा. आणि एक सोपा नियम पाळा: तुमची गरज जितक्या वर्षांनी आहे त्यापेक्षा जास्त ड्युरेशनचा फंड घेऊ नका. टोकाचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रिया सरकारचं बघा. २०२० मध्ये त्यांनी ०.८५ टक्के व्याजाचा शंभर वर्षांचा रोखा काढला. सरकार भक्कम, व्याज वेळेवर, तरीही २०२३ मध्ये बाजारात त्याची किंमत मूळ किमतीच्या निम्म्याहूनही खाली होती.

पण लांब मुदतीचे रोखे कायमचे वाईट असंही नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर १५ टक्क्यांहून जास्त व्याज मिळत होतं. महागाईचा धसका एवढा होता की ते घ्यायला लोक कचरत होते. १९८३ पर्यंत महागाई ४ टक्क्यांच्या खाली आली आणि ज्यांनी तो दर बांधून घेतला त्यांचं सोनं झालं. दर खूप वर गेले आणि खरा परतावा स्पष्टपणे शून्याच्या वर दिसू लागला की हळूहळू मुदत वाढवावी. तळ-शिखर नेमकं पकडायच्या फंदात पडू नका.

*महागाईशी जोडलेले रोखे.* यात मुद्दल किंवा व्याज महागाईच्या निर्देशांकाबरोबर वाढतं. ब्रिटनने ते १९८१ मध्ये आणले, अमेरिकेने १९९७ मध्ये. दुसऱ्या कप्प्यासाठी मला याहून नेमकं साधन माहीत नाही, मात्र एका अटीवर. मुदतपूर्तीपर्यंत धरायचे, किंवा मुदत आपल्या गरजेइतकीच असलेली घ्यायची. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर होती, आणि त्याच वर्षी तिथल्या महागाईशी जोडलेल्या रोख्यांचे व्यापक फंड सुमारे १२ टक्के घसरले. महागाईचा भाग नियमाप्रमाणे मिळाला, पण मुदत लांब असल्याने व्याजदरवाढीने त्याहून जास्त काढून घेतलं. तुमच्या देशात हे मिळत नसतील तर अल्पमुदतीचे सरकारी रोखे किंवा बदलत्या व्याजाचे रोखे बघा.

*शेअर्स.* "शेअर्स महागाईला हरवतात" हे वाक्य वीस वर्षांच्या हिशोबात बहुतेक वेळा खरं ठरतं, दोन वर्षांच्या हिशोबात अनेकदा खोटं. अमेरिकेतला डाउ जोन्स निर्देशांक फेब्रुवारी १९६६ मध्ये ९९५ वर होता आणि ऑगस्ट १९८२ मध्ये ७७७ वर. मधल्या काळात तिथले भाव तिप्पट झाले. लाभांश मिळत राहिला म्हणून चित्र या आकड्यांइतकं काळं नव्हतं, पण सोळा वर्षं हा लहान काळ नव्हे. त्या काळाच्या शेवटपर्यंत ज्यांनी थोडं थोडं घेणं चालू ठेवलं त्यांना पुढच्या दोन दशकांत मोठं फळ मिळालं. एकरकमी टाकून मध्येच वैतागून बाहेर पडलेल्यांना ते मिळालं नाही.

महागाईत कंपन्या सारख्या नसतात. जी कंपनी भाव वाढवूनही गिऱ्हाईक टिकवते, जिच्यावर कर्ज कमी आहे आणि जिला दरवर्षी नवी यंत्रसामग्री महाग भावात घ्यावी लागत नाही, ती तगते. नफा अजून दहा वर्षं लांब आहे पण भाव आजच आभाळाला भिडलाय, अशा शेअर्सना व्याजदरवाढ सगळ्यात आधी गाठते. लांब मुदतीच्या रोख्याचंच गणित तिथे चालतं. हे सांगतोय ते समजण्यासाठी. पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याने कंपन्या निवडत बसू नये, बाजाराच्या निर्देशांकातल्या शेकडो कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्यावा.

खर्चावर भर देतो कारण महागाईत तो जास्त बोचतो. महागाई वजा जाता ४ टक्के खरा परतावा मिळणार असेल आणि फंड दरवर्षी दीड टक्का घेत असेल, तर तुमच्या खऱ्या कमाईतला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा शुल्कातच गेला.

*सोनं.* माझं मत स्पष्ट आहे: थोडं असावं, आणि महागाईच्या बातम्या सुरू होण्याआधीच असावं. जानेवारी १९८० मध्ये, अमेरिकेतली महागाई शिगेला जात असताना, सोन्याने औंसाला सुमारे ८५० डॉलरचा भाव गाठला. १९९९ मध्ये ते अडीचशेच्या आसपास होतं. ८५० चा आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडलं, आणि तोवर तिथले भाव अडीचपटीहून जास्त वाढले होते. घबराटीच्या शिखरावर घेतलेलं सोनं म्हणजे वरातीमागून घोडं. सोनं व्याज देत नाही, म्हणून ठेवींवर महागाईपेक्षा जास्त व्याज मिळू लागलं की त्याची ओढ कमी होते. चलनावरचा विश्वास डळमळतो तेव्हा मात्र ते उपयोगी पडतं. एकूण बचतीच्या ५ ते १० टक्के, पुरे. दागिने यात धरू नका. घडणावळ आणि मोड यांतच बराच हिस्सा जातो, आणि अडचणीतही ते विकायला मन होत नाही.

*घर, जमीन आणि रीट.* राहतं घर तुमची भाड्याची महागाई थांबवतं, तेवढं काम मोठं आहे. गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेताना मात्र व्याजदरवाढीचा प्रश्न विचारा. खरेदीदारांचा हप्ता वाढला की भाव थबकतात, विक्रीला महिने लागतात. थोड्या रकमेत भाड्याचं उत्पन्न हवं असेल तर रीट, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारती सांभाळणाऱ्या संस्थांचे हिस्से, घेता येतात, पण ते बाजारात शेअरसारखे हलतात. २०२२ मध्ये अमेरिकेतले रीट सुमारे एक चतुर्थांश घसरले.

*कच्चा माल.* तेल, धातू, धान्य यांचे भाव वाढले की महागाई वाढते, म्हणून हे सरळ उत्तर वाटतं. अडचण अशी की सामान्य माणूस तेल साठवत नाही, वायदे करारांवर, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करायच्या करारांवर, चालणारा फंड घेतो. फंडाला दर महिन्याला संपणारा करार विकून पुढचा घ्यावा लागतो, आणि पुढचा महाग असला की प्रत्येक अदलाबदलीत थोडं झिजतं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव तर उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता, म्हणजे विकणाराच करार सोडवायला पैसे देत होता. पहिल्या वर्षी यात पडू नका.

क्रिप्टोबद्दल एवढंच: महागाईवरचा उतारा म्हणून ज्याची जाहिरात झाली त्या बिटकॉइनने २०२२ मध्ये, ऐन महागाईत, जवळपास दोन तृतीयांश किंमत गमावली.

पायरी ६: मांडणी कागदावर करा आणि तिला ताण देऊन बघा

पस्तिशीतल्या एका माणसाची बचत १०० धरू. आणीबाणीची रोकड वेगळी काढलेली आहे. २० दोन वर्षांत लागणार, ३० चार-पाच वर्षांनी, ५० निवृत्तीसाठी.

२० सरळ वर सांगितलेल्या टप्प्याटप्प्याच्या ठेवींत. ३० पैकी २० चार-पाच वर्षं मुदतीच्या महागाईशी जोडलेल्या रोख्यांत आणि १० अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत. निवृत्तीच्या ५० पैकी ३५ व्यापक इंडेक्स फंडांत, शक्य असेल तर त्यातला एक हिस्सा आपल्या देशाबाहेरच्या बाजारात, कारण महागाईबरोबर बरेचदा आपलं चलनही घसरतं. ८ रीटमध्ये, ७ सोन्यात.

आता वाईट वर्ष आणून बघा. शेअर्स ४० टक्के पडले: ३५ मधले १४ गेले. रीट ३० टक्के पडले: २.४ गेले. सोनं २० टक्के: १.४. मधल्या कप्प्यातल्या ३० वर ५ टक्के: १.५. एकूण १९.३ गेले, १०० चे ८०.७ राहिले. कागदावर टक्के लिहून थांबू नका, आपल्या स्वतःच्या बचतीच्या रकमेत हा तोटा लिहा आणि तो आकडा रात्री पुन्हा वाचा. झोप उडत असेल तर शेअर्सचा वाटा आजच कमी करा. पडझडीत कमी कराल तर ते विकणं असेल, आज कराल तर ती नुसती निवड आहे. आणि हेही बघा, की या वाईट वर्षातही पहिल्या कप्प्यातल्या २० ला धक्का लागलेला नाही. म्हणजे पडलेल्या भावात काही विकायची वेळ येत नाही. कप्पे पाडण्याचं सगळं प्रयोजन हेच.

ही मांडणी तशीच उचलू नका. सरकारी नोकरी आणि महागाईभत्ता असलेल्या माणसाचं उत्पन्नच महागाईशी जोडलेलं असतं, तो शेअर्सचा थोडा जास्त वाटा पेलू शकतो. ठरलेल्या रकमेच्या पेन्शनवर जगणाऱ्याची बाजू सगळ्यात नाजूक. त्याने महागाईशी जोडलेल्या साधनांना पहिला मान द्यावा, कारण त्याचा पगार वाढणार नाही.

पायरी ७: खरेदी आणि पुढची देखभाल

मोठी रक्कम हाताशी असेल तर शेअर्सचा भाग सहा ते बारा हप्त्यांत टाका. बाजार पडण्यापेक्षा जास्त वेळा चढतो, त्यामुळे वाट बघण्याचीही किंमत असते, हे मान्य. तरीही पहिल्या महिन्यात मोठी घसरण पाहून कायमचे पळून गेलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचं नुकसान त्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं होतं. दरमहा बचतीतून टाकणाऱ्याने हप्ता दरवर्षी किमान आपल्या महागाईच्या दराने वाढवावा. नाहीतर हप्ता चालू असूनही बचत दरवर्षी आकसत जाते.

वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, वाटे तपासा. एखादा वाटा ठरवलेल्यापेक्षा एकूण बचतीच्या ५ टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर जागेवर आणा. आधी नवीन बचत कमी पडलेल्या भागात वळवा, तेवढ्याने भागत नसेल तरच विका. विक्रीवर कर लागतो. त्याच दिवशी पायरी २ चा तक्ता नव्याने भरा आणि वर्षभराने जवळ आलेली गरज तिसऱ्या कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात हलवा. तीन वर्षांवर आलेली फी शेअर्समध्येच राहू देणं ही विसरून होणारी चूक आहे, आणि ती फार महाग पडते.

महागाई उतरू लागली की सगळी मांडणी उलटीपालटी करायचा मोह होईल. ती कप्प्यांवर उभी असेल तर फार काही हलवावं लागत नाही, फक्त ठेवींच्या आणि रोख्यांच्या मुदती थोड्या लांबवाव्या.

शेवटची गोष्ट कळकळीने सांगतो. महागाईच्या दिवसांत "खात्रीचे महिन्याला ३ टक्के" देणारे दारात येतात, कारण ठेवीतली झीज बघून माणसं अस्वस्थ झालेली असतात. महिन्याला ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला जवळपास ४३ टक्के होतात. एवढ्या दराने खात्रीशीर कमावता येत असेल तर त्या माणसाला तुमच्या पैशांची गरजच पडली नसती. तीन गोष्टी लेखी मागा: नियामक संस्थेकडचा नोंदणी क्रमांक, पैसे नेमके कशात गुंतवले जाणार, आणि हवे तेव्हा काढता येतात का. क्रमांक त्याने दिलेल्या दुव्यावरून नको, नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासा. तिन्ही उत्तरं हातात येईपर्यंत सही करू नका, सांगणारा घरचा असला तरी.